ठिपका कल्याणकडे का सरकतोय?

साहेबांची झोप उडवणारा एकच प्रश्न असतो: आपला माणूस आत्ता कुठे आहे? मायक्रोसॉफ्टने 2025 मध्ये त्यावर उतारा जाहीर केला. लॅपटॉप ऑफिसच्या वायफायला जोडला गेला, की माणूस कोणत्या इमारतीत बसलाय हे 'टीम्स' आपणहून नोंदवणार. सोय मुळात बंद असेल, कंपनीने चालू केली तरी कर्मचाऱ्याची संमती लागेल, असंही सांगितलंय. संमतीची काळजी नको. 'ऐच्छिक आहे' असा मेल येतो आणि दोन दिवसांनी संमती न देणाऱ्यांची यादी येते, सीसीत साहेब!

ज्यांना टीम्स परवडत नाही, त्यांना व्हॉट्सअॅप आहेच. 2017 पासून त्यात लाइव्ह लोकेशन मिळतं. 'निघालात की ग्रुपवर लाइव्ह टाका' एवढा हुकूम पुरतो.

आता डोंबिवलीचा एक कारकून घ्या. ऑफिस परळला. साहेब वरळीहून गाडीने येतात. सकाळी ते मोबाईलवर बघतात, तर कारकुनाचा निळा ठिपका ठाण्याकडे यायचा सोडून कल्याणकडे चाललाय. लगेच मेसेज: 'कुठे निघालात?' 'ऑफिसलाच, सर.' 'मग उलटे का?' डोंबिवलीत चढायला मिळत नाही म्हणून आधी कल्याणला जायचं, तिथून सुटणारी गाडी धरून रिटर्न यायचं आणि त्यासाठी पासही कल्याणपासूनचा काढायचा, हे साहेबांना कोण समजावणार? एच.आर.च्या शेऱ्यात मात्र 'विरुद्ध दिशेने हालचाल' एवढंच लागतं.

ठाणेकरांची तऱ्हा वेगळी. घोडबंदर रोडवर गायमुखला ठिपका अर्धा तास जागचा हलत नाही. साहेबांना वाटतं, पोरगा मिसळ खातोय. तो बिचारा कंटेनरच्या मागे उपाशी असतो. कल्याण-शीळ रस्त्यावर काटई नाक्याला अडकलेल्यांचीही हीच कथा.

कायद्याकडे धाव घ्यावी, तर 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचूनही माहिती वापरायची वाट ठेवलेली आहे. माणूस दारात लोंबकळत आला, तर त्याचं काय नुकसान होतं, याची नोंद मात्र कुठल्याच ॲपमध्ये नाही.

म्हणून आमची साधी मागणी: लोकेशन दोन्हीकडून शेअर व्हावं. आम्ही मुंब्र्याला लटकलेलो असताना साहेब कुठे आहेत, तेही ग्रुपवर दिसू द्या. दुपारी तीननंतरचं तर आवर्जून!

तोवर एक ध्यानात ठेवा. व्हॉट्सअॅप लाइव्ह लोकेशनला तीनच मुदती देतं: 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास. आठ तासांच्या पुढे एका दमात मागायची सोय त्यालाही ठेवावीशी वाटली नाही. तेव्हा ऑफिसची पायरी उतरलात, की मुदतीची वाट बघू नका. 'शेअरिंग थांबवा' दाबा आणि मगच गाडी धरा.