पाळण्यातील पदवीधर : एक तुलनात्मक टिपण

नाशिकच्या गंगापूर रोड आणि कॉलेज रोड या पट्ट्यातील सुशिक्षित पालकवर्गात ‘शीघ्र बालशिक्षण’ नावाची एक गृहोद्योगी विद्याशाखा चांगलीच रुजली आहे. मूल नीट चालू लागण्यापूर्वी वाचू लागावे, दात पुरते येण्यापूर्वी त्याला शंभरपर्यंत अंक म्हणता यावेत आणि आईबापांशी भांडण्यापुरती मातृभाषा येण्यापूर्वी त्याने निदान एका परकीय भाषेत रंगांची नावे सांगावीत, ही तिची उद्दिष्टे होत. शीघ्र बालशिक्षणाची शास्त्रशुद्ध व्याख्या करायची झाल्यास, पाहुण्यांसमोर ज्याची परीक्षा घेता येते असे ज्ञान पाहुणे येण्यापूर्वी मुलाच्या अंगी बाणवणे, अशी करता येईल. याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर ओलांडून घाटवाटांनी गुजरातच्या सीमेकडे गेल्यावर हरसूल हे बाजारपेठेचे गाव लागते. त्याच्या भोवतालच्या पाड्यांवरील मुले यांतील बहुभाषेचे उद्दिष्ट कोणतेही शुल्क न भरता साध्य करतात. मात्र ते साध्य झाल्याचे त्यांना किंवा त्यांच्या पालकांना कोणीही कळवलेले नाही, आणि म्हणून ती मुले मागासलेली मानली जातात.

या विद्याशाखेचे आद्यपीठ अमेरिकेत आहे. ग्लेन डोमन यांनी १९६४ मध्ये तान्ह्या मुलांना वाचायला शिकवण्याविषयी पुस्तक लिहिले आणि मोठ्या लाल अक्षरांतील शब्द लिहिलेले पुठ्ठे मुलाच्या डोळ्यांपुढून भराभर सरकवावेत, अशी पद्धत सांगितली. पुढे गणितासाठी लाल ठिपक्यांचे पुठ्ठे आले. बाजारात ज्याला फ्लॅशकार्ड म्हणतात तो पदार्थ म्हणजे हाच पुठ्ठा. त्यावर ‘आंबा’ असे लिहिलेले असते, आणि तो दाखवण्याच्या गडबडीत खरा आंबा फ्रिजमध्येच राहून जातो. पुढे पुठ्ठ्यांची जागा चित्रफितींनी घेतली. ‘योर बेबी कॅन रीड’ या नावाने विकल्या गेलेल्या संचाविषयी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये, तान्ही मुले या संचामुळे वाचू लागतात हा दावा खोटा व निराधार असल्याचा आरोप ठेवला. त्यानंतर २०१४ मध्ये सुसान न्यूमन आणि सहकाऱ्यांनी नऊ ते अठरा महिन्यांच्या शंभराहून अधिक मुलांवर, बाळांना वाचन शिकवणाऱ्या अशाच माध्यमसंचाचा सुमारे सात महिने प्रयोग करून पाहिला. मुले वाचायला शिकली नाहीत, असे त्यात आढळले. पण ती शिकत आहेत असा विश्वास पालकांच्या मनात मात्र निर्माण झालेला होता. संशोधकांनी हा निष्कर्ष प्रतिकूल मानला असला, तरी बाजाराच्या दृष्टीने संच पूर्णपणे यशस्वी ठरला असेच म्हणावे लागते, कारण पैसे मूल देत नसते.

बालमनाच्या विकासाचे टप्पे मांडणारे स्विस शास्त्रज्ञ झां पियाजे यांना, हे टप्पे अधिक वेगाने ओलांडता येतील काय, असे अमेरिकेत वारंवार विचारले जाई, आणि त्यांनी या पृच्छेला ‘अमेरिकन प्रश्न’ असेच नाव ठेवले होते. आज ते हयात असते तर त्यांना नावात दुरुस्ती करून गंगापूर रोडचा उल्लेख करावा लागला असता. तेथे प्रश्न विचारण्याचीही पद्धत उरलेली नसून थेट शेजारच्या इमारतीतील मुलाचे उत्तर सांगितले जाते.

भाषांच्या बाबतीत हा विषय अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेचा परिचय करून देण्यात आला. ज्यांच्यासमोर चिनी बोलणारे माणूस प्रत्यक्ष बसून खेळले आणि गोष्टी वाचून दाखवल्या, त्यांना त्या भाषेतील ध्वनींचे भेद ओळखता येऊ लागले. ज्यांना तेच माणूस आणि तेच बोलणे पडद्यावर दाखवले गेले, त्यांच्यात काहीही फरक पडला नाही. या प्रयोगातून भाषा शिकण्यासाठी माणूस लागतो असा निष्कर्ष निघतो. सदनिकेत नेमकी त्याचीच टंचाई असते, कारण आईबाप मुलाच्या शिक्षणाचे पैसे मिळवायला बाहेर गेलेले असतात आणि आजी इंग्रजी बिघडवील या भीतीने गावी ठेवलेली असते. मग टॅब्लेटवर स्पॅनिश लावले जाते. मूल ‘रोहो’ म्हणते. तांबडा म्हणजे कोणता, हे त्याला आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना विचारावे लागते.

हरसूल परिसरात याउलट माणसांचा पुरवठा मुबलक आहे. तेथे कोकणा, वारली, महादेव कोळी आणि कातकरी समाजांची वस्ती असून घरी कोकणी (गोव्याची नव्हे, सह्याद्रीच्या या कुशीतली) किंवा वारलीसारखी बोली, बाजारात आणि अंगणवाडीत मराठी, वापी-सिल्वासाकडे कामाला जाणाऱ्या काका-मामांच्या तोंडची गुजराती आणि मोबाइलवरची हिंदी अशा थरांतून मूल वाढते. कोणाशी कोणती भाषा बोलायची याचा विवेक त्याला विनासायास येतो. तालुक्याहून आलेल्या साहेबापुढे गप्प बसायचे, हाही त्या विवेकाचाच भाग असतो. हेच मूल सहाव्या वर्षी पहिलीत दाखल होते तेव्हा त्याच्यापुढे बहुधा दुसऱ्या भागातून बदलून आलेले गुरुजी असतात. त्यांना मुलाची बोली येत नसते आणि मुलाला त्यांची मराठी अर्धीमुर्धीच येत असते. या प्रसंगाला शैक्षणिक परिभाषेत ‘भाषेची अडचण’ म्हणतात आणि ती मुलाच्या नावावर नोंदली जाते. भाषेची अडचण म्हणजे एकाला दोन-तीन भाषा आणि दुसऱ्याला एकच येत असताना ज्याला जास्त येतात त्याच्यात आढळणारा दोष, अशी तिची व्याख्या अनुभवान्ती स्थिर झालेली दिसते. गंगापूर रोडवरील मुलाला दोन भाषांत दहा-दहा शब्द आल्यास त्याला द्विभाषिक म्हणतात, आणि त्याचे शुल्क वेगळे आकारतात.

सहा वर्षांच्या मुलाला किती भाषा झेपतात, या प्रश्नावर महाराष्ट्राने २०२५ चा उन्हाळा घालवला, हे येथे नमूद करणे भाग आहे. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा शासननिर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनच्या मध्यावर त्यात दुरुस्ती झाली, आणि महिना संपता संपता दोन्ही निर्णय मागे घेऊन नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. लहान मेंदूवर तीन भाषांचा भार पडेल काय, यावर वाहिन्यांवर मोठ्या मेंदूंनी चर्चा केल्या. बालवयात परकी भाषा सक्तीने लादू नये, हा त्यातील आक्षेप रास्तच होता. परंतु ज्या मुलाला शाळेतील पहिलीच भाषा परकी आहे, त्याची ही कितवी भाषा धरायची, याचा हिशेब दोन्ही बाजूंच्या आकडेमोडीत कोठे आला नाही. हरसूलच्या मुलाच्या दृष्टीने तो वाद दुसऱ्या आणि चौथ्या भाषेतला होता.

गणिताचे प्रकरण थोडक्यात आटोपता येते. अंक म्हणणे आणि मोजणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. मोजताना प्रत्येक वस्तूला एकच अंक द्यावा लागतो, क्रम सांभाळावा लागतो, आणि शेवटी उच्चारलेला अंक हाच एकूण संख्या असतो हे उमजावे लागते, अशी फोड रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये केली. शंभरपर्यंत धडाधडा म्हणणाऱ्या अडीच वर्षांच्या मुलाला ताटातून चार शेंगा मागितल्या असता ते ओंजळभर देते, हे कोणत्याही घरी पडताळून पाहता येईल. परंतु पाहुणे शेंगा मागत नाहीत, अंकच म्हणायला सांगतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असेही वाचण्याची सोय केली गेली, तेव्हा मराठी बुडाल्याचा आक्रोश ज्या घरांतून सर्वाधिक ऐकू आला, त्यांतील नातवंडांना एकोणतीस म्हणजे किती हे आधीच ‘ट्वेंटी नाइन’ करून सांगावे लागत होते. हरसूलच्या आठवडे बाजारात आईच्या कडेवरून भाजीच्या जुड्यांचे सौदे ऐकणारे मूल अंकांचा क्रम कदाचित उशिरा शिकेल. पाचात किती जुड्या येतात आणि किती यायला हव्या होत्या, यांतील वजाबाकी मात्र त्याच्या कानावर दर आठवड्याला पडते.

घरच्या घरी बालशिक्षण ही कल्पना महाराष्ट्रात नवी आहे, असा समज पसरवण्यात संचविक्रेत्यांना यश आले असले, तरी तिचा इतिहास हरसूलपासून जव्हारमार्गे जेथे पोचता येते त्या डहाणू तालुक्यातच घडला आहे. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. मारिया माँटेसरी यांची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने आणि गारगोट्या हाताशी घेतल्या. मुले बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. कलावंत सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये ‘लूज पार्ट्स’, म्हणजे मुलांनी हवे तसे हाताळावेत असे सुटे पदार्थ, यांचा सिद्धान्त मांडला. आता त्याच सिद्धान्ताच्या नावाने गारगोट्या, बिया आणि लाकडाचे तुकडे कप्पे पाडलेल्या पेटीत घालून घरपोच मिळतात. कोसबाडला ज्यांचा अवलंब गरिबीमुळे करावा लागला, त्या गारगोट्यांची शैक्षणिक योग्यता पावती जोडल्यावर सिद्ध झाली.

अंगणातली ती वाडी २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशभर नेली, आणि सरकारी व्यवस्थेत जे होते तेच तिचे झाले. अंगणवाडी सेविका ही मुळात बालशिक्षिका असली, तरी तिने वजने घ्यावीत, उंची मोजावी, आहार वाटावा, गरोदर मातांची नोंद ठेवावी, सर्वेक्षणे करावीत आणि उरलेल्या वेळात शिकवावे अशी योजना असून, उरलेला वेळ अजून कोणत्याही पाहणीत आढळलेला नाही. २०२१ मध्ये तिच्या हाती ‘पोषण ट्रॅकर’ हे मोबाइलवरील नोंदणीसाधन आले. त्यात माहिती इंग्रजीत भरावी लागत असल्याने आणि दिलेले फोन निकृष्ट असल्याने महाराष्ट्रातील सेविकांनी ते फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. आदल्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लहान मुलांना मातृभाषेतून शिकवावे असे सांगितले होते. सेविकेला कोणत्या भाषेतून कामाला लावावे, याविषयी धोरण मौन बाळगून होते. पुढे ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस सेविका मानधनासाठी संपावर होत्या. त्या काळात शीघ्र बालशिक्षणाच्या वर्तुळात कोणाची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही.

एवढ्यावरून हरसूल हे नैसर्गिक बालशिक्षणाचे नंदनवन असल्याचा निष्कर्ष काढून तेथे सहली नेण्याचा मोह काही पालकांना होईल, आणि तो वेळीच आवरलेला बरा. भात आणि नागली-वरईची कामे आटोपली की या पट्ट्यातील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात. ज्या आजीमुळे बोली शिकता येते ती गावी एकटी राहते, किंवा मूल तिच्यापाशी ठेवून आईच महिनोन्‌महिने दूर जाते. मूल बरोबर आलेच तर बांधावर बसते. गोडी छाटणी आणि विरळणी अशी कामे टोळीने उक्ती घेतली जातात, म्हणजे एकरामागे रक्कम ठरवून ती टोळीतील माणसांत वाटून घेतली जाते. हा भागाकार रोज संध्याकाळी, मुलाच्या देखत, दोन भाषांत आणि चढ्या आवाजात होतो.

काढणीच्या हंगामात याच परिसरातील काही बागांत शहरी कुटुंबांसाठी द्राक्षे तोडण्याचा आणि तुडवण्याचा कार्यक्रम तिकीट लावून ठेवलेला असतो, आणि त्याला ‘अनुभवाधारित शिक्षण’ म्हणतात. तिकीट काढलेले मूल घडातील मणी ‘वन, टू, थ्री’ करीत मोजते आणि त्याचे चित्रण तत्काळ आजीआजोबांना पाठवले जाते. बांधावरचे मूल क्रेट मोजते, कारण मजुरीच्या हिशेबात मुकादमाची एखादी चूक झाली तर ती आईला सांगायची असते. पहिल्याच्या पालकांना सायंकाळी सहभागाचे प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्याच्या नावापुढे त्या दिवशी गावच्या अंगणवाडीच्या हजेरीपटावर ‘गैरहजर’ असा शेरा पडतो, आणि आईची उचल फिटेपर्यंत तो रोज पडत राहतो.