अरबी समुद्रास, बुऱ्हाणपूरहून

रा. रा. अरबी समुद्र यांस,
मुक्काम अलिबाग.

स. न. वि. वि.

आपली ओळख तशी जुनी. आमच्या राजघाटावरून पुढे गेलेलं पाणी सुरतेपाशी आपल्याच पदरात पडतं. मुलताईला निघालेली तापी (आमच्याकडच्या सरकारी फलकावर ताप्ती) ७२४ किलोमीटर तुडवत आपल्याकडे येते, तरी आपण तिची साधी पोच कधी दिली नाहीत. असो. यंदा मे महिन्यात आम्हीच सहकुटुंब आपल्या दारी येऊन गेलो. गर्दीत आपलं लक्ष गेलं नसावं, म्हणून हे पत्र.

येण्याचं कारण आमचे ठाण्याचे साडू. दिवाळीत मी त्यांना म्हटलं, ‘‘मुलांना घेऊन या की एकदा आमच्याकडे.’’ ते म्हणाले, ‘‘येऊ हो, पण बुऱ्हाणपूरला बघायला काय आहे?’’ आणि मी, जन्म या गावात काढलेला माणूस, चटकन म्हणालो, ‘‘तसं काही नाही. अलिबागलाच भेटू.’’

भेटलो. फोटोत आमच्या खोलीतून आपण थेट पलंगापर्यंत येत होतात. प्रत्यक्षात आपलं दर्शन घ्यायला गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहावं लागे आणि शेजारच्या वाडीतल्या माडांनी वाऱ्यावर मान वळवली की दोन बोटं निळं दिसे. त्या दोन बोटांचं भाडं मी तीन रात्री भरलं. खोलीत पंखा होता, वारा नव्हता. त्या घामाघूम रात्री मला इंग्रजांचा वकील सर टॉमस रो आठवला.

हा गृहस्थ आपल्याच पाठीवरून आला होता. १६१५ साली सुरतेला उतरला आणि पहिला मोठा मुक्काम केला तो बुऱ्हाणपूरला. तेव्हा वाहतूक उलटी होती बरं का! लोक समुद्राकडे पाठ करून आमच्याकडे येत. दख्खनचा मुघली कारभार इथून चाले, शहजादा परवेझचा दरबार इथे होता आणि रोला वखारीची परवानगी हवी होती. त्याला सराईत उतरवलं. बाहेरून देखणा दगडी दर्शनी भाग, आत भट्टीसारख्या विटांच्या चार खोल्या. त्याने तसं लिहून ठेवलंय आणि मुकाट्याने आपले तंबू ठोकलेत. फोटो एक आणि खोली दुसरी, हा धंदा कोकणाने काढला असा माझा समज होता. चारशे वर्षांपूर्वीचा मान आमचाच निघाला. पुढे त्याने शहजाद्याला मद्याच्या बाटल्यांची पेटी नजर केली. शहजाद्याने ती इतकी मनावर घेतली की पुढची भेट राहूनच गेली. आपल्या किनाऱ्यावर शनिवारी रात्री जे चालतं त्याचा उगम इतिहासकारांनी कुठे शोधावा, हे यावरून कळावं.

दुसऱ्या दिवशी ओहोटी गाठून घोडागाडीने कुलाबा किल्ल्यात गेलो. भाड्यात आपलं पाणी चाकाला लावून मिळतं. आत गणपतीचं दर्शन घेतलं आणि मग सगळे विहिरीपाशी थबकलो. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोडं! साडू थक्क, मी त्यांच्याहून थक्क. तेवढ्यात आठवीतली माझी लेक म्हणाली, ‘‘बाबा, आपल्याकडे पण जमिनीखाली पाणी आहे ना? कुंडी भंडारा? आत कसं आहे हो?’’

मी म्हणालो, ‘‘भरती सुरू होतेय, चल लवकर.’’

काय सांगणार होतो? मी कधी उतरलोच नव्हतो. रो ज्या वर्षी आला त्याच १६१५ सालचं ते काम. खानखानान अब्दुर्रहीम सुभेदार असताना एका इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरलं, ओळीने विहिरीसारख्या कुंड्या खोदल्या आणि नुसत्या उतारावर ते गावात आणलं. मोटार नाही, वीजबिल नाही. आमच्या केळीच्या बागांतले बोअर दरसाल खाली खाली जातात, ते पाहिलं की त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटतं. पण ही पुस्तकी माहिती. मी आत पाऊल ठेवलं नव्हतं, कारण ते घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

आमच्याकडे दुसरं आहे तरी काय म्हणा! एक जामा मशीद आहे, तिच्यात तिथी-नक्षत्रासकट संस्कृत शिलालेख आहे. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७ साली इथेच वारले. त्यांची छत्री तापीकाठी आहे. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात इथेच गेली आणि सहा महिने नदीपलीकडे झैनाबादला तिला ठेवलं होतं. मग तिला आग्र्याला हलवलं आणि तिच्यामागे पर्यटकही तिकडेच गेले.

अगदीच कुणी येत नाही असं मात्र म्हणवत नाही. १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूर लुटलं, ते २०२५ साली ‘छावा’ सिनेमात सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर इथल्या असीरगड किल्ल्याजवळच्या शेतांत रात्रीची झुंबड उडाली. हातात कुदळी आणि टॉर्च, डोळ्यांपुढे मुघली मोहरा. शेवटी पोलिसांना यावं लागलं. गडावर चढायला मात्र त्यातलं फारसं कुणी गेलं नाही.

तेव्हा आमच्या गावात उणीव आहे ती फक्त आपली. आपण कृपा करून दरवर्षी मे महिन्याचे पंधरा दिवस राजघाटाशी यावं. लाटा फार नकोत, पाय भिजण्यापुरत्या पुरेत. वाळूची सोय आम्ही पाहू. आपण आलात की आमच्या जुन्या हमामखान्याच्या छतावरची नक्षीही लोकांना आपोआप दिसू लागेल.

जाता जाता एक सांगतो. ‘मी काय अलिबागहून आलोय का?’ या वाक्यावर बंदी आणावी म्हणून आपल्याकडचं कुणी उच्च न्यायालयात गेलं होतं आणि २०१९ साली न्यायालयाने ते मनावर घेऊ नका असं सांगितलं. परत आल्यावर नाक्यावरच्या चहावाल्याशी माझी सुट्ट्या पैशांवरून बाचाबाची झाली, तेव्हा मी ते वाक्य ऐटीत म्हणायला गेलो आणि अर्ध्यात थांबलो. खरंच तिथूनच आलो होतो.

त्या रविवारी लेकीला घेऊन कुंडी भंडाऱ्याला गेलो. लिफ्टच्या पाळण्यातून ऐंशी फूट खाली. वर बेचाळीस अंश, खाली गारवा. भिंतींवर चुन्याची पांढरी पुटं, पाण्याला अंगचा सावकाश वेग. वर पाहिलं तर आभाळ ताटाएवढं. लेकीने ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि म्हणाली, ‘‘किल्ल्यातल्यासारखंच गोड आहे.’’ मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. तिथे पहिल्यांदा गेलो, हे तिला अजून सांगितलेलं नाही. आपणही बोलू नये.

साडूंना फोटो पाठवले. त्यांचं लगेच उत्तर आलं : ‘मस्त! कुठलं हे? जवळ बीच आहे का?’

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक बुऱ्हाणपूरकर

ता. क. : जुलैमध्ये तापी नेहमीप्रमाणे निघेल. यंदा तरी पोच द्यावी.