माल कोठी गेला?

आईबापांना फिरवून आणणं हे आता कर्तव्य राहिलेलं नाही, तो कार्यक्रम झाला आहे. गाडी लेकाची, यादी लेकाची, घाईही लेकाचीच. बापानं सांगितलं तिथं उभं राहायचं आणि हसायचं. संध्याकाळी 'बाबांसोबत एक दिवस' मोबाइलवर चढतो आणि खाली लाल बदामांची रांग लागते. बाबांना स्वतःला कुठं जायचं होतं, हा रकाना यादीत नसतोच.

आमच्या बाबांना मी चिखल्याहून पवनीला नेलं. अंबागड किल्ला खरं तर आम्हाला जवळ. पण जवळचं पाहून आलो म्हणून फुशारकी मारता येत नाही. पवनी पडते भंडारा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. गोबरवाही, तुमसर, भंडारा करत अख्खा जिल्हा उभा ओलांडला. बाबांची हयात चिखल्याच्या मॅग्नीज खाणीत गेली. गोऱ्या कंपनीची ती खाण 1962 नंतर मॉयलची झाली, म्हणजे सरकारच्या घरात आली. जमिनीखाली उतरून रोजी कमावलेल्या माणसाला जमिनीवरचं काही दाखवायचं म्हणजे तशी पंचाईतच.

पवनी गाव भलतं जुनं. तीन बाजूंना मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. देवळं इतकी की लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात. (जुन्या गावाला कुठल्या तरी काशीचा शिक्का मारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. काशीवाले मात्र काशीला उत्तरेची पवनी म्हणताना अजून ऐकले नाहीत.) जवाहर दरवाजा झाला, फोटो झाला. बाबा हसले, कारण हसायचं ठरलं होतं.

मग जगन्नाथ टेकडी. इथं मी पाठ करून आणलेलं भाषण सुरू केलं. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं इथं उत्खनन केलं, शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी अहवाल लिहिला, टेकडीच्या पोटात सांचीच्या तोडीचा स्तूप निघाला, मौर्यांच्या काळापासूनचा. कठड्याच्या खांबांवर ब्राह्मीत लेख आहेत, मुचलिंद नाग कोरलेला आहे...

बाबांचं लक्ष भाषणाकडे नव्हतंच. ते टेकडीचा उतार न्याहाळत होते.

"हे टेकडी खरी नाही," ते म्हणाले. "टाकलेली आहे."

आता घ्या. विद्वानांना जे कळायला चर खणावे लागले, ते बाबांनी खर्रा चघळत सांगून टाकलं. अर्थात ज्याच्या दारातून रोज खाणीच्या मुरमाचे डंप दिसत आले, त्याला देवानं केलेला डोंगर कोणता आणि माणसानं रचलेला कोणता, हे कोणी शिकवायला नको.

लेखांत काय आहे, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, कोणी खांब दिला त्याचं नाव. बाबांना ते ताबडतोब पटलं. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर 'सप्रेम भेट' लिहून वर स्वतःचं नाव देणाऱ्याच्या घराण्याला दोन हजार वर्षांची परंपरा आहे तर! फरक एवढाच की त्या पात्यावरचं नाव पंखा बंद झाला तरच वाचता येतं.

"मंग माल कोठी गेला?"

खाणीत जे निघतं तो माल. मी म्हटलं, बरंचसं नागपूरला. बाबांनी मान हलवली. पुढं काही बोलले नाहीत, पण मला ती मान चांगलीच ओळखीची आहे. पगारवाढीची घोषणा ऐकताना ती तशीच हलायची.

आता हिशेबच मांडायचा तर मांडू. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला खणतात, मॅग्नीज बाहेर जातं, पोलादात मिसळतं आणि कोणाकोणाचे पूल नि रूळ होतं. दक्षिण टोकाला खणलं, तर इतिहास बाहेर गेला. मधल्या पट्ट्यात वैनगंगेची रेती रात्री ट्रकात बसते आणि सकाळी नागपुरातल्या कुठल्या तरी टॉवरच्या पायथ्याशी उतरते. आमच्याकडे जे निघतं, ते जिल्ह्यातून निघून जाण्यासाठीच निघतं.

बाबांचं म्हणणं त्याहून जरा तिखट होतं. भूमिगत खाणीत माल काढून झालेली पोकळी तशीच सोडत नाहीत. पाण्यासोबत रेती आत सोडून ती भरतात, नाही तर वरचा भार खाली येतो. "आमी भोक पाडलं तं रेती तरी भरत होतो," ते म्हणाले. "ह्यायनं काय भरलं?"

याचं उत्तर पवनीच्याच वैजेश्वर घाटावर आपोआप मिळालं. वरच्या अंगाला गोसीखुर्द धरण. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींनी पायाभरणी केली, तेव्हा 372 कोटींचा अंदाज होता. आकडा पुढं हजारो कोटींवर गेला, पाणी मात्र शेवटच्या शेतापर्यंत जायला अजून वेळ घेतं आहे. या धरणात नागपूरची नाग नदीही येते, कन्हानमार्गे, शहराचं सांडपाणी पोटात घेऊन. तेव्हा नागपूरनं आम्हाला काहीच परत दिलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. दिलं आहे, बारमाही दिलं आहे.

बाबांनी घाटावर पाय धुतले नाहीत. काशी असली तरी.

परतताना यादीतलं एक देऊळ राहून गेलं म्हणून मी हळहळत होतो, तर ते म्हणाले, "पुढच्या बारीला नागपूरले नेजो. तो अजब बंगला आहे ना, तेथी आपला माल पाहून येऊ." 1863 सालचं ते संग्रहालय. मी होकार दिला.

"तिकीट लागते काय?" त्यांनी विचारलं.

लागतं म्हटल्यावर मान पुन्हा तशीच हलली.