धोका पातळी 4 इंच

सांगलीत राहायचं तर पावसाळ्यात दोन आकडे पाठ असावे लागतात. आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका. आमच्या घरी यात आणखी दोन आकड्यांची भर पडली. परसातल्या पपईच्या बुंध्यावर एके दिवशी पांढऱ्या ऑइलपेंटच्या दोन रेघा उगवल्या. 2 इंचांवर 'इशारा' आणि 4 इंचांवर 'धोका'. त्या शेजारच्या उतारकाकांनी मारल्या होत्या. आम्ही ऑफिसात असताना, आमचीच कुंडी पालथी घालून तिच्यावर बसून.

उतारकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण असा एक गृहस्थ प्रत्येक कॉलनीत असतो. बहुधा ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेला, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, खिशात मोजायची टेप. हा लग्नाला गेला तर अक्षता टाकायच्या आधी पंगतीचं खरकटं पाणी कुठे जाणार ते बघून येतो. वास्तुशांतीला गेला तर प्रसाद हातात घेण्याआधी न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओततो. पाणी जाळीकडे गेलं तर तो गप्प. दाराकडे आलं की त्याचा चेहरा खुलतो आणि यजमानांचा उतरतो. "बघा, मी म्हटलं होतं." कधी म्हटलं होतं, हे विचारायची सोय नसते.

आमच्या परसात जूनपासून पाणी साचायचं. पहिल्या पावसात काहीच होत नसे. उन्हाळ्यात काळ्या मातीला अशा भेगा पडतात की आमच्या चिरंजीवांचा एक टेनिसचा चेंडू त्यात गेला तो गेलाच. तेवढ्या भेगा पहिला पाऊस गटागटा पितात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि दुसऱ्या पावसापासून परसाची परात होते. अळू माजतो, डास माजतात, पपई पिवळी पडते.

सल्ले आले. एकजण म्हणाला, वाळू टाका. दुसरा म्हणाला, केळी लावा, केळी पाणी पितात. सौभाग्यवतींच्या मावशींनी वास्तुदोष काढला. काकांनी सगळे सल्ले मोडीत काढले. "काळ्या मातीत मूठभर वाळू म्हणजे तूप घातलेली कणीक, आणखी घट्ट. आधी खड्डा."

खड्डा म्हणजे काकांची नाडीपरीक्षा. फूटभर खोल खणायचा, पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि पट्टी उभी करून किती उतरतं ते बघायचं. पहिल्यांदा पाणी जिरलं तर त्याला अर्थ नाही, म्हणाले, कोरडी माती पाहुण्यासारखी पहिला कप नाही म्हणत नाही. दुसऱ्यांदा भरल्यावर काका खुर्ची टाकून बसले. चार तासांत पाणी अंगठ्याच्या पेराएवढं उतरलं. त्या चार तासांत चहा मात्र चार वेळा उतरला. "तुमचं परस एक गुंठा धरा. 1089 चौरस फूट. एक इंच पाऊस म्हणजे अडीच हजार लिटर. गच्चीवरच्या हजाराच्या अडीच टाक्या तुम्ही मातीवर ओतताय, आणि ही बया पीत नाही. तिला पाजू नका, वाट द्या."

वाट द्यायची तर उतार काढायला हवा. त्यासाठी काकांकडे एक 60 फुटी पारदर्शक नळी आहे. गवंडी वापरतात तीच. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोघांनी धरायची, दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं. ऐकायला सोपं. पण नळीत हवेचा एक जरी बुडबुडा राहिला तरी सगळं खोटं. काकांनी तो बुडबुडा नळीवर टिचक्या मारत, लहान मुलाच्या पाठीवरून ढेकर काढावा तसा हळूहळू वर आणला. मग तासभर मी भर पावसात छत्री काखेत धरून, नळीचं टोक छातीशी लावून, त्यांच्या हुकमाबरहुकूम मागच्या कोपऱ्यापासून पुढच्या गटारापर्यंत उभा. "हलू नका! श्वास कमी घ्या!" शेजारच्या गच्चीवरून एक बाई बराच वेळ बघत होत्या. त्यांना वाटलं मला सलाइन लावलंय.

निष्कर्ष असा की परसाचा मागचा कोपरा मधल्या जागेपेक्षा 4 इंच खाली. हे पाणी बघूनच कळत होतं, पण आता शास्त्राने कळलं. काकांचं समाधान होईना. पाणी पावसापेक्षा जास्त आहे, म्हणाले. म्हणजे कुठून तरी येतंय. आणि त्यांनी नळीचं एक टोक कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे टाकलं.

पलीकडे काकांचं स्वतःचं परस. ते आमच्यापेक्षा 9 इंच उंच निघालं. बारा वर्षांपूर्वी त्यांनी तीन ट्रक मुरूम टाकून ते उचललं होतं, आणि भिंतीत पाणी मुरू नये म्हणून तिच्या पायथ्याशी तीन भोकं ठेवली होती. त्या भोकांचं कौतुक मी त्यांच्याच तोंडून कितीदा ऐकलंय. आता तिन्ही भोकांतून पाणी झुळूझुळू आमच्याकडे येत होतं.

माझ्यासारखा माणूस इथे ओशाळला असता. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाने. "सापडलं! अहो, हे आमचंच पाणी!" न्हाणीघरातला तांब्या दाराकडे वळावा तसा त्यांचा चेहरा फुलला. चूक कुणाची, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवला नाही. पुढच्या वाक्यात त्यांनी 1882 चा सुविधाधिकार कायदा काढला. वरच्या रानातलं नैसर्गिक पाणी खालच्याने येऊ द्यायचं असतं म्हणे. माझा मेव्हणा वकील आहे. तो म्हणाला, नैसर्गिक पाणी हे बरोबर. पण तीन ट्रक मुरूम निसर्गाने टाकला नव्हता. काकांनी अर्धा खर्च कबूल केला. कायद्यापेक्षा त्यांना चर खणायची घाई होती.

तरी खणलं दिवाळीनंतर. ओल्या काळ्या मातीत फावडं घातलं की ती लोण्यासारखी लिंपते आणि उरलीसुरली छिद्रंही बुजतात, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. तोवर पपई कुजून पडली. काकांनी हळहळत दोन्ही रेघा भिंतीवर उतरवून घेतल्या.

चर 36 फूट, दर 8 फुटांना 1 इंच उतार, खाली खडी, त्यावर भोकांचा चार इंची पाईप, वर पुन्हा खडी, सगळ्याभोवती माती आत येऊ नये म्हणून जिओटेक्स्टाइलचं कापड. काका गवंड्याला म्हणाले, "ही फ्रेंच ड्रेन. फ्रान्सची पद्धत." खरं तर फ्रान्सचा इथे काही संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच हा अमेरिकन वकील. त्याने 1859 मध्ये 'फार्म ड्रेनेज' हे पुस्तक लिहिलं आणि त्याचं आडनाव चराला चिकटलं. त्याच्या मुलाने, डॅनियल चेस्टर फ्रेंचने, पुढे वॉशिंग्टनमधल्या स्मारकातला बसलेला लिंकन घडवला. बापाने पाणी उठवलं, पोराने माणूस बसवला. पण हे सांगायची वेळच आली नाही. गवंडी शिरोळकडचा. तो पाईपकडे बघून म्हणाला, "म्हंजी क्षारपड रानात घालत्यात त्ये सच्छिद्र पाईप न्हवं? मग सरळ तसं सांगा की."

शेवटचा वाद भोकांचा. गवंडी म्हणे, पाणी वरनं पडतंय, भोकं वर. काका म्हणाले, खाली. चरात पाणी तळातून भरत वर येतं, ते खालच्या भोकांतून शिरतं आणि चालू लागतं; भोकं वर ठेवली तर आधी अख्खा पाईप बुडायला हवा. त्यांनी बादलीत तुकडा बुडवून दाखवला. गवंड्याने पाईप मुकाट्याने पालथा केला. काकांना कंटाळलेला मी, त्या क्षणी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो.

यंदाच्या पावसाळ्यात पाणी इशाऱ्याच्या रेघेलासुद्धा लागलं नाही. काका रोज सकाळी छत्री घेऊन येतात, कोरडी भिंत बघतात आणि चहा न घेताच परत जातात. त्यांची तब्येत उतरलीय. तुमच्यापैकी कुणाच्या परसात पाणी तुंबत असेल तर कृपया कळवा. टेप, नळी आणि काका, तिन्ही मिळतील. नळी तेवढी परत करा.