मुख्यालयी राहणे बंधनकारक

नोकरी लागली त्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटले गेले आणि तिसऱ्या दिवशी भांडण लागलं. भांडणाचं मूळ होतं कंपनीने पाठवलेला एक साधा फॉर्म. त्यात दोन रकाने. पहिल्यात विमान : एअरबस की एटीआर. दुसऱ्यात बेस : मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद. दोन्हींत पसंतीक्रम भरायचा, मुदत तीन दिवस. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं : ‘अंतिम निर्णय कंपनीची गरज व ज्येष्ठता पाहून घेतला जाईल.’

ती बारीक ओळ वाचली आणि अण्णांचा चेहरा उजळला. अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. पायलट होण्यासाठी मी बारावीनंतर काय काय केलं, यातलं त्यांना काही कळलं नव्हतं. हवामानशास्त्राचा पेपर, नॅव्हिगेशनचा पेपर, रेडिओवर बोलायचं वेगळं लायसन्स, मेडिकल, दोनशे तासांचं उड्डाण, आणि एवढं सगळं झाल्यावर दीड वर्ष जालन्यात घरी बसणं. या सगळ्यात त्यांचा सहभाग कर्जाच्या कागदांवर सह्या करण्यापुरता. पण हा फॉर्म त्यांच्या घरच्या मैदानातला होता.

“अरे, ही तर बदली आहे!” ते म्हणाले.

शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्यांचा २७ फेब्रुवारी २०१७ चा जीआर अण्णांना हनुमान चालिसेसारखा पाठ. सर्वसाधारण क्षेत्र, अवघड क्षेत्र, संवर्ग एक, संवर्ग दोन. वीस शाळांचा पसंतीक्रम भरायचा असे. अण्णांनी विसच्या वीस भरल्या आणि त्यांना एकविसावी मिळाली. एखादा ज्येष्ठ तुमची शाळा मागतो आणि तुम्ही उठता, याला त्या खात्यात ‘खो’ म्हणतात. खो बसून जो कुठेच उरत नाही तो ‘विस्थापित’. विमान कंपन्यांतही नेमकं हेच चालतं. फक्त तिथे खो इंग्रजीत बसतो.

आधी विमानाचा प्रश्न आला. माझं मन उघडच एअरबसवर. जेट विमान, एकशे ऐंशी-शहाऐंशी माणसं, एकोणचाळीस हजार फुटांपर्यंतची उंची. एटीआर-७२ म्हणजे सत्तरेक माणसांचं, दोन पंख्यांचं, पंचवीस हजार फुटांपर्यंत जाणारं. पायलटांच्या जगात जेटचे तास म्हणजे शेत रस्त्याला लागून असणं.

पण आमचं गाव बियाण्यांचं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी इथेच महिको सुरू केली आणि तेव्हापासून जालन्यात इंग्रजी अक्षरांपुढे आकडा आला की तो वाण असतो. जन्मभर जेएस-३३५ पेरलेल्या मामाने ‘एटीआर-७२’ ऐकलं आणि विचारलं, “कपाशी का सोयाबीन?” मी म्हणालो, विमान. तो म्हणाला, “उतारा कसा आहे?” मी म्हणालो, कमी अंतराला डिझेल कमी लागतं आणि धावपट्टी आखूड असली तरी चालतं. विमानात डिझेल नसतं, पण मामाशी बोलताना सगळ्या इंधनाला डिझेलच म्हणावं लागतं. “मग कोरडवाहूला बरं आहे,” मामाने निकाल दिला. एटीआरचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही.

काकांचा सळयांचा धंदा. त्यांना पंखा पसंत नव्हता. “बायोडाटात काय लिहायचं? मुलगा पायलट, पंख्याचा?” मी म्हणालो, काका, जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते एकाच पंख्यावर. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी सगळ्या महिला कर्मचाऱ्यांचं पहिलं विमान नेलं, ते फोकर फ्रेंडशिपही दोन पंख्यांचंच. आणि २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेची पहिली विमानं सुटली, त्यातलं आपल्या शेजारचं नांदेड–हैदराबादही पंख्याचंच.

“टाटांना कोण नाही म्हणेल?” काका म्हणाले. “त्यांची कंपनीच होती.” यावर मला उत्तर सुचलं नाही. बेस निवडायचा फॉर्म त्यांना कुणी पाठवला नसणार.

मग बेस. आई मुंबईच्या बाजूने. मुंबईला जालन्याहून गाडी आहे, हा तिचा मुद्दा. यावर अण्णांनी सुस्कारा सोडला. मुंबईची जनशताब्दी जालन्याची होती, ती हिंगोलीपर्यंत गेली. ३० डिसेंबर २०२३ ला वंदे भारत सुरू झाली तेव्हा स्टेशनावर आम्हीही नाचलो होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडहून सुटू लागली. “बघ,” अण्णा म्हणाले, “गाड्यांनासुद्धा खो बसतो.”

आजीचा मात्र हैदराबादला कौल. इथे भूगोलापेक्षा इतिहास बळकट होता. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाचे, आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच. “आमच्या बापाची सगळी कोर्टकचेरी तिथलीच,” ती म्हणाली. “हैदराबाद काही परगाव नाही. मुंबईची मात्र गॅरंटी नाही बाप्पा.” शिवाय रात्री अजिंठा एक्स्प्रेस आहे, देवगिरी आहे. आजीला विमानाच्या नोकरीसाठी रेल्वेचं वेळापत्रक पाहण्यात काहीच विचित्र वाटत नव्हतं. पुढे मलाही वाटेनासं झालं.

शेवटी मी पहिल्या पसंतीला ‘एअरबस, मुंबई’ भरलं आणि शेवटच्या ओळीत ‘एटीआर, हैदराबाद’. दहा दिवसांनी यादी लागली. मला एटीआर, हैदराबाद.

आमच्या बॅचमध्ये ज्येष्ठता जन्मतारखेवरून ठरली होती. मुंबईची शेवटची जागा ज्याला मिळाली तो माझ्याहून अठ्ठावीस दिवसांनी मोठा. माझा जन्म २९ जूनचा, त्याचा १ जूनचा.

महाराष्ट्रात १ जून या तारखेला काय होतं हे वेगळं सांगायला नको. त्या दिवशी अर्धा ग्रामीण महाराष्ट्र जन्मतो. शाळा जूनमध्ये उघडते, पोराची जन्मतारीख आईला ‘पोळ्याच्या आसपास’ एवढीच आठवते आणि गुरुजी हजेरीपटावर १ जून टाकून मोकळे होतात. अण्णांनी आयुष्यभर हेच केलं. स्वतःच्या मुलाची तारीख मात्र दवाखान्याचा कागद समोर ठेवून लावली.

“माझीही १ जून का नाही लावली?” मी विचारलं.

“खोटं कसं लावणार?” अण्णा म्हणाले. “ते नैतिकतेत बसत नाही.”

“आणि दुसऱ्यांच्या पोरांची?”

“ते प्रशासकीय काम होतं.” मग जरा थांबून म्हणाले, “तो पोरगा मूळचा कुठला?”

मी म्हणालो, आता पुण्याचा, पण मूळ मंठ्याकडचा. दुसरीपर्यंत गावातच होता. मी गावाचं नाव सांगितलं. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. “त्या वर्षी पहिलीत अकरा पोरं होती,” शेवटी ते म्हणाले. “अकराही एक जूनची.” एवढं बोलून ते उठले आणि बाहेरचा नळ तपासायला गेले. आमच्याकडे मंगळवारी नळाला पाणी नसतं.

त्या प्रायश्चित्तापोटी असेल, पण दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी माझी शिकवणी घेतली. विषय : अप-डाऊन. या विषयात त्यांचा एकतीस वर्षांचा अनुभव. राहायचं जालन्यात, शाळा मंठ्याच्या पलीकडे. सरकारचा नियम असा की शिक्षकाने मुख्यालयी राहिलं पाहिजे, आणि राहतो असा ग्रामसभेचा ठराव आणला तरच घरभाडं. म्हणून चार शिक्षकांनी मिळून गावात एक खोली घेतली होती. तिच्यात एक खाट, एक माठ आणि चौघांच्या नावाची पाटी. खोलीत कधी पाल सोडून कुणी राहिलं नाही, पण पाटी दर दिवाळीला रंगवली जायची.

मी त्यांना सांगितलं, अमेरिकेत पायलट हेच करतात. घर एका शहरात, बेस दुसऱ्या. बेसजवळ आठ-दहा जण मिळून एक फ्लॅट घेतात, ज्याची रात्र असेल तो झोपतो. त्याला क्रॅश पॅड म्हणतात.

“काय म्हणतात?” आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “पायलटच्या खोलीचं हे नाव?” आमच्या घरात त्या शब्दावर तेव्हापासून बंदी आहे. हैदराबादच्या शमशाबादला आम्ही पाच जणांनी घेतलेल्या फ्लॅटला ‘मुख्यालय’ म्हणतात.

अण्णांचे नियम तीनच. शेवटच्या गाडीवर कधी विसंबायचं नाही, तिच्या आधीची धरायची. मुख्यालयी एक चादर आणि एक तांब्या कायम ठेवायचा. आणि ड्रायव्हर-कंडक्टरशी ओळख ठेवायची. पायलटांच्या पुस्तकातही थोड्या जड इंग्रजीत हेच आहे. तिसऱ्या नियमाचा मला उपयोग नाही असं वाटलं होतं, कारण ड्रायव्हर मीच. पण घरी जाताना मी ड्रायव्हर नसतो. मी स्टाफ तिकिटावरचा माणूस असतो. स्टाफ तिकीट म्हणजे सगळे पैसेवाले बसल्यावर उरली तर जागा. “एसटीच्या ड्रायव्हरला पास असतो, तुला नाही?” मामाने विचारलं होतं. पास आहे मामा, सीट नाही.

सिम्युलेटर झाला, ट्रेनिंग झालं, मी एटीआर उडवू लागलो. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ‘हॉटेल मोड’. या विमानाला जमिनीवर वीज देणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. म्हणून उजव्या बाजूचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन मात्र चालू ठेवतात. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे आपला एसटीवाला इंजिन चालू ठेवून चहाला उतरतो, ते.” अगदी ते.

१ जुलै २०२५ पासूनच पायलटची आठवड्याची विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस झाली होती. नियम करणाऱ्यांनी थकव्याचा विचार केला असेल, मी जालन्याचा केला. पहिल्या सुट्टीला हैदराबाद–संभाजीनगर विमानात शेवटची सीट मिळाली. सव्वा तासात चिकलठाणा. तिथून जालना पन्नासेक किलोमीटर. टॅक्सीवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मला पायलट असल्याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं. मग मी विमानतळाबाहेर जालना रोडवर उभा राहिलो आणि चाळीस मिनिटांनी एका एसटीला हात केला.

कंडक्टरने खांद्यावरच्या पट्ट्या पाहिल्या. “विमानतळावर सिक्युरिटीला का?”

“पायलट.”

त्याने तिकीट फाडता फाडता मला नीट न्याहाळलं. “मग विमान जालन्याला काहून नाही थांबवत?”

“थांबा नाही तिथं.”

“विनंती थांबा टाका की,” तो म्हणाला आणि पुढच्या सीटकडे गेला.

करमाड गेलं, बदनापूर गेलं. जालन्याच्या बसस्टँडवर अण्णा उभे होते. एकतीस वर्षं त्यांना घ्यायला कुणी आलं नव्हतं, पण माझ्यासाठी ते आले होते. त्यांनी माझी बॅग घेतली नाही. आधी घड्याळ पाहिलं.

“किती वेळ लागला?”

“हैदराबाद ते चिकलठाणा सव्वा तास. तिथून इथं दोन तास.”

अण्णांनी मनात हिशोब केला. “मला मंठ्याहून दोनच लागायचे,” ते म्हणाले आणि समाधानाने चालू लागले.