कंबर बसवण्याचा धंदा : नवशिक्यांसाठी

या धंद्याला भांडवल लागत नाही. जन्मताना पाय आधी बाहेर आले असले म्हणजे झालं. फवारणीचा पंप पाठीवर वाहून उसण भरली की बुलढाण्याकडचा शेतकरी पायाळू माणूस शोधतो, त्याच्यापुढे ओणवा होतो आणि पाठीला पाय लावून घेतो. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं असंही म्हणतात. मग तो लोकांच्या कमरा का तुडवत बसतो, हे विचारू नये.

तुम्ही डोक्याकडून जन्मला असाल तर कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणके दाबून उपचार करण्याची पद्धत, आहे. १८९५ साली अमेरिकेत डॅव्हेनपोर्टला डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड या कमी ऐकू येणाऱ्या झाडूवाल्याचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असं स्वतःच सांगितलं. पामर आधी किराणा विकत, नंतर चुंबकी उपचार करत. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीकडे फिरकतही नाही. पण गिऱ्हाइकापुढे हा विषय काढू नये. पुढे पामरांनी शंभरातले पंचाण्णव रोग सरकलेल्या मणक्यांच्या नावावर टाकले. १९०६ साली परवान्याविना वैद्यकी केली म्हणून तुरुंगही पाहिला. आपला पायाळू निदान कानाच्या भानगडीत पडत नाही.

आता हातखंडा. 'कट्' वाजलं पाहिजे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते म्हणून तो आवाज येतो, पण चेहरा असा ठेवा की मणकाच जागेवर बसला. मग चार-पाच वेळा यायला सांगा. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपणहून ओसरते, तेव्हा शेवटचा हात तुमचा असला की यशही तुमचंच. अगदीच थाप नाही ही: कंबरदुखीत मणका दाबून थोडा आराम पडतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. व्यायामानेही साधारण तेवढाच पडतो. दम्याला, बहिरेपणाला मात्र याचा उपयोग असल्याचा धड पुरावा नाही.

मानेला हात लावू नका. झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित होतं, पण ज्याला होतं त्याचं आयुष्य जाऊ शकतं. आणि कंबर दुखता दुखता कुणाच्या पायातलं बळ गेलं, जांघ बधिर झाली, लघवी अडली, तर ना लाथ ना 'कट्'. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत त्याला नुसतं पडू द्या.