आधी व्हिजिटवर जाऊ दे

मुलगा दुबईला निघाला की नाक्यावर फ्लेक्स लागतो. वर साहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली मित्रमंडळाची रांग आणि मधे जागा उरलीच तर तो मुलगा. घरी सत्यनारायण होतो. बॅग पुन्हापुन्हा काट्यावर चढते आणि दर वेळी लोणच्याची बरणी आत-बाहेर होते. या धामधुमीत एकच गोष्ट कोणी उघडत नाही, ती म्हणजे ऑफर लेटर. त्याची पीडीएफ फॅमिली ग्रुपवर पडलेली असते आणि खाली अख्ख्या खानदानाचे जोडलेले हात.

सोसायटीने मेंटेनन्स पन्नास रुपयांनी वाढवला, तर आपण उपविधी काढून सेक्रेटरीला घाम फोडतो. पोराची उमेदीची वर्षं मात्र ‘एजंट ओळखीतला आहे’ एवढ्यावर लिहून देतो.

या ओळखीतल्या माणसाचा हिशोब बघा. अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदा, जो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, तो सांगतो की माणूस आणण्याचा खर्च मालकाचा. कामगाराकडून तो सरळ किंवा आडून, कसाही वसूल करायचा नाही. आपल्या सरकारनेही नोंदणीकृत एजंटाच्या फीवर तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा घातली आहे. नाक्यावरच्या एजंटाचा दर लाखाच्या पुढे सुरू होतो, तोही रोखीत. पावती मागितली तर तो दुखावतो: ‘काका, विश्वास नाही का?’ काका विरघळतात. नोंदणी आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं, पण काकांनी त्याची गाडी बघितलेली असते.

मग येतो हुकमी डायलॉग. ‘आधी व्हिजिटवर जाऊ दे, तिकडे कन्व्हर्ट करू.’ व्हिजिट व्हिसावर गेलेला माणूस त्या देशाचा पाहुणा, आणि पाहुण्याने तिथे काम करणं बेकायदा. दहावी न झालेल्या पोराच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘परदेशी नोकरीआधी तपासणी आवश्यक’ असा शेरा असतो. त्याला आखातात नोकरीसाठी जायचं तर आपल्या सरकारची मंजुरी लागते. तिच्याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजना येते, दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचा विमा. व्हिजिटवर गेला की मंजुरीही नाही आणि विमाही नाही. एजंटाला लाख मोजून आपण २७५ रुपये वाचवतो.

आता पगार. ‘तीन हजार दिरहम’ ऐकलं की घरात लगेच गुणाकार सुरू होतो. तीन हजारांत बेसिक किती, हे कोणी विचारत नाही. कागदावर बेसिक एक हजार असतं, बाकी घरभाडं, प्रवास आणि ‘अदर’. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते ती बेसिकवर, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांच्या हिशोबाने. म्हणजे वर्षाला सातशे, पाच वर्षांनी साडेतीन हजार. त्याच तीन हजारांत बेसिक दोन हजार असतं तर सात हजार मिळाले असते. ओव्हरटाइमही बेसिकवर, उरलेल्या रजेचे पैसेही बेसिकवर. मालक मूर्ख नाही. ‘अदर’ हा रकाना त्याने उगाच फुगवलेला नसतो.

हे कळायला कागद वाचावा लागतो. तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेतही मिळतं. त्या यादीत हिंदी आहे, उर्दू आहे, मल्याळम, तमिळ, बंगाली आहे. मराठी नाही. मल्याळमने अभिजात दर्जाही आपल्याआधी अकरा वर्षं घेतला आणि ही जागाही पटकावली. आपण सत्काराच्या शाली घड्या करून ठेवतोय. मराठी त्या यादीत येईपर्यंत हिंदी प्रत मागावी. मागितली तरच मिळेल.

हक्क आहेतच. पासपोर्ट ‘सेफ कस्टडी’ म्हणून मालकाने ठेवून घ्यायचा नाही. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि त्यात काढायचं तरी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. पण कायद्याला दुसरी बाजूही असते, आणि तिथे आमची पोरं मामाच्या गावाला आल्यासारखी वागतात. प्रोबेशनमध्येच तिथली दुसरी नोकरी धरायची तर एक महिन्याची नोटीस, देश सोडायचा तर चौदा दिवसांची. आमचा हिरो फोन बंद करून विमानात बसतो आणि नाक्यावर सांगतो, ‘लाथ मारून आलो.’ त्या लाथेपायी वर्षभर तिथलं वर्क परमिट मिळत नाही, हे त्याला पुढच्या ऑफरच्या वेळी कळतं.

देशाचा कायदाही नोकरीबरोबरच येतो, आणि तो आईच्या डब्यापासून सुरू होतो. अनारशांवर पसरलेली खसखस अमिरातीत बंदी असलेल्या मालात मोडते. कस्टमच्या माणसाला दिवाळी समजावून सांगण्यात अर्थ नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही. ऑफर लेटर न वाचलेल्या घरात ही यादी कोण वाचणार?

फसलाच, तर मंत्रालयात तक्रार होते. प्रकरण कोर्टात गेलं तरी एक लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला फी नाही. पण पोरगं तक्रार करत नाही. गावात फ्लेक्स अजून फाटलेला नसतो.

एजंटाचं मात्र बरं चाललंय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून त्याच्या पाटीवर दुबईशेजारी जर्मनीचा झेंडा आहे. त्याला विचारलं, ‘पोरांना जर्मन येतं का?’

म्हणाला, ‘आधी व्हिजिटवर जाऊ दे.’